तेगवेनच्या हातची माशी

शनिवारी दुपारी पाटीच्या दगडाची खाण सुटली की अर्धं गाव गळाच्या काठ्या खांद्यावर टाकून डोंगरावरच्या तळ्याकडे निघायचं. रविवारी मासेमारीचं नाव काढलं तरी चॅपलमधला पाळक नजरेनंच सोलून काढायचा, त्यामुळे आठवड्याची हौस त्या एका दुपारीच भागवावी लागे. इद्वल त्यातलाच एक. बुटका, अघळपघळ बोलणारा, आणि खोटं बोलण्यात अगदी कच्चा.

गांडूळ लावून ट्राउट मासा धरणाऱ्याला तिथे कोणी शेजारी उभं करत नसे. गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली माशीच लागे. इद्वलच्या माश्या त्याची बायको तेगवेन बांधायची, चिमट्याबिमट्याशिवाय, नुसत्या बोटांनी. त्यांच्या घरची एक रीत होती. माशाच्या जबड्यात रुतलेली माशी इद्वल काढत नसे. दोरा तोडून मासा तसाच घरी आणी. तो साफ करताना तेगवेन माशी स्वतः काढायची, चाचपायची आणि म्हणायची, "बघ, एक वेढा सुटलेला नाही. तू बांधली असतीस तर माशानं थुंकून दिली असती."

मग तिचे डोळे गेले. शिवण सुटलं, वाचन सुटलं, उरल्या फक्त माश्या. गाठ पहिल्यासारखीच पक्की बसायची, पण रंग भलतेच. काळ्याच्या जागी पांढरं पीस, तपकिरी रेशमाच्या जागी लाल. तळ्यातले मासे ढुंकूनही बघेनात. पिसांच्या डब्याला ती कोणाला हात लावू देत नसे, आणि रंग चुकतात हे तिला सांगायची इद्वलची छाती होईना. तो शहरातल्या दुकानातून माश्या आणू लागला. मासा लागला की काठावर बसून दुकानातली माशी काढायची, तेगवेनची जबड्यात रुतवायची आणि मग घरी जायचं. असं तीन वर्षं चाललं.

एका मे महिन्यात गारठा असा पडला की बोटं वळेनात. चार मासे लागले. तीन माश्या त्यानं बदलल्या, चौथी राहून गेली.

तेगवेननं ती बाहेर काढली. अंगठा फिरवला. तिच्या गाठीवर मोच्याचं मेण असायचं. इथे लाखेचा गुळगुळीत थेंब होता.

"ही कोणाची?"

"तुझीच की."

"इद्वल, मी आंधळी आहे, खुळी नाही. किती दिवस चाललंय हे?"

तिनं हात धुतले आणि पिसांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "मला वाटत होतं, निदान एक काम अजून जमतंय," ती म्हणाली.

तिच्या हातच्या अकरा माश्या शिल्लक होत्या. इद्वलनं ठरवलं, आता लावीन तर याच. पहिल्याच शनिवारी खाणीतला हेडिन ओरडला, "काय रे, माशांना लग्नाला बोलावतोयस का?" सगळे हसले. त्या रंगांवर कोणी हसावं हे इद्वलला सोसेना. तो पलीकडच्या काठावर, खडकांच्या आड एकटाच उभा राहू लागला. सहा शनिवार रिकाम्या हातांनी परतला.

सातव्या शनिवारी आभाळ उतरलं होतं. पांढऱ्या पिसाची, लाल पोटाची माशी पाण्यावर टेकली आणि काठी वाकली. चांगला वीतभराहून मोठा ट्राउट होता. इद्वल उतारावरून पोरासारखा पळत सुटला आणि धापा टाकत स्वयंपाकघरात शिरला.

"तेगवेन, हात लाव. तुझी आहे. खरंच तुझी."

तिनं जबड्यात बोट घातलं, मेण ओळखलं.

"हो, माझीच."

"हिच्यावरच लागला. देवाशपथ."

"कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. इद्वल खुर्चीत बसून हुंदके देऊ लागला. इतक्या वर्षांत तो तिच्यासमोर कधी रडला नव्हता. तेगवेन चाचपडत आली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या आवाजात जराही राग नव्हता.

"रडू नकोस," ती म्हणाली. "या वेळी माशी बदलायला विसरला नाहीस, एवढं पुरे."