मामाजींनी काम बाहेर दिलं

अख्ख्या घाटंजीत स्वतःच्या हाताशिवाय कुणाच्याच हातावर विश्वास नसलेला माणूस एकच, आणि माझं नशीब असं की ते माझे मामेसासरे आहेत. शिवणकाम हा त्यांचा धंदा, पण अविश्वास पूर्णवेळ. टपरीवर चहा प्यायचा तर पत्ती खिशातून काढणार आणि टपरीवाल्याला बाजूला सारून स्वतः उकळणार. मुलीच्या लग्नात वरात दारात आलेली, आणि हे आचाऱ्याच्या कढईपाशी झारा धरून उभे. एकदा तर सलूनवाल्याच्या हातून कात्री घेऊन कानामागचे केस स्वतःच कापले आणि पुढे महिनाभर टोपी घालून हिंडले. विचारलं तर म्हणे, ऊन लागून राह्यलं.

यंदा मी शिकवतो त्या शाळेच्या गणवेशाचं काम मीच त्यांना मिळवून दिलं आणि पस्तावलो. मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा जाईना. मुख्याध्यापकांनी बजावलेलं, शाळा उघडायच्या आधी शर्ट आले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून तयार माल नागपूरहून आणू. म्हणजे दुकानाला कुलूपच की! मी सुचवलं, काज-बटण शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना द्या. मामाजींनी आठ दिवस खल केला. दिलं तर काम वेळेत होईल, डोळ्यांना आराम मिळेल. पण बटण तुटलं तर पोरं शिव्या त्या बायांना नाही, मामाजींना देतील. शिवाय बाया शिकल्या तर उद्या गिऱ्हाईकही तिकडेच वळेल. अखेर काज-बटण दिलं, कॉलर मात्र कुणाला द्यायला तयार होईनात. नमुन्याच्या शर्टाला स्वतः बटणं लावून दिली आणि सांगितलं, यात सुताचाही फरक नको.

फरक नव्हताच. गठ्ठे उघडले तर झाडून सगळ्या पांढऱ्या शर्टांचं चौथं बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं. मी ते दाखवताच मामाजी असे भडकले की बोलायची सोय नाही. माझ्याकडे तर अशा नजरेनं बघितलं, जसं काही मीच बसून सगळी बटणं लावली. गटाच्या सुनंदाबाईंनी नमुन्याचा शर्ट पुढे केला. त्याचंही चौथं बटण निळ्या दोऱ्याचंच होतं.

"आमाले वाटलं, काका, ते तुमचं निशाण असन," त्या म्हणाल्या.

मामाजींनी शर्ट उजेडात नेला, पार नाकापर्यंत नेला, आणि खाली बसले. मला फार वाईट वाटलं. मग हळूच म्हणाले, "पुढल्या खेपेले मले इचारजा." मग बाया तिथेच दुकानात बसल्या आणि दोरे उसवायला लागल्या. मामाजींनी सगळ्यांना चहा केला, अर्थात स्वतः. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शर्ट पोचले.

त्यानंतर ऑपरेशनला ते आपणहून तयार झाले. दुकानाची किल्ली सुनंदाबाईंकडे दिली. डॉक्टरांना द्यायच्या सूचनांचा कागद मात्र खिशात होताच. यवतमाळच्या एसटीत तो कागद दोनदा चाचपून बघितला. मग माझा हात धरला.

"जवाईबापू, वापस आलो का सुनंदाले कॉलर शिकवतो. डोये आले तं दोघं मिळून करू. नाही आले, तरी कॉलर तं राहीन."