उजव्या कोपऱ्यातली बाई

शाल, नारळ आणि स्टेजवर एक खुर्ची. कबड्डी मंडळाने माझी किंमत एवढी ठरवली, आणि ती ठरत असताना मी समोरच बसले होते, त्यांचाच चहा पीत.

माझं माहेर सेलूजवळच्या एका गावात. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी मुलींचा संघ उभा केला, तेव्हा अख्खं गाव त्यांना हसलं होतं. पोरी काय कबड्डी खेळतील म्हणे! सर कोणाचं ऐकायचे नाहीत. आमच्या घरी येऊन त्यांनी माझ्या बापाला असं झापलं, की बापाने दुसऱ्या दिवशी मला स्वतःहून मैदानावर पाठवलं. सरांनी मला उजव्या कोपऱ्यात उभं केलं. कोपऱ्यावरच्या खेळाडूचं काम सोपं असतं: समोरून कोणी चढाई करत आलं की तिचा पाय धरायचा आणि जीव गेला तरी सोडायचा नाही. मला ते लगेच जमलं. घरी माझा भाऊ म्हणायचाच, हिच्याशी भांडण म्हणजे अंगाला गोचीड लागणं.

पुढे लग्न झालं, जामला आले. हायवेच्या चौकात नवऱ्याचं टायर-पंक्चरचं दुकान. दोन लेकरं झाली, एकदा मैदानातच दुखावलेला उजवा गुडघा थंडीत कुरकुरायला लागला. पण दरवर्षी संक्रांतीनंतर माहेरच्या गावात कबड्डीचे सामने भरत, आणि मी काहीतरी निमित्त काढून जायचेच. दोरीच्या बाहेर उभी राहून पदर चावत बघायचे. आतली पोरगी पाय धरायला चुकली की माझेच हात वळवळायचे. नवरा एकदा म्हणाला, ‘तू पाह्यत नाई, तू खेळूनच राह्यली.’

दोन हजार दहा सालानंतरची गोष्ट. माहेरच्या संघात उजव्या कोपऱ्यावर खेळणारी पोरगी लग्न होऊन गेली. जागा रिकामी झाल्याचं मला माझ्या भाचीने सांगितलं. भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी, त्या संघाची सगळ्यात भारी चढाई करणारी. ती वाऱ्यासारखी आत जायची आणि हसत परत यायची. मला वाटलं, आत्या आणि भाची एका संघात, काय मजा येईल! पस्तिशीत माणसाला असं काही वाटू नये असा काही कायदा आहे का? मी सकाळची एस.टी. पकडून गेले.

शाळेच्या व्हरांड्यात मंडळाची बैठक होती. सर आता रिटायर झाले होते, तरी संघ त्यांचाच. मला पाहून म्हणाले, ‘काऊन आली व?’

‘उजवा कोपरा खाली आहे म्हणे.’

मग मंडळाने माझ्यासमोरच माझा हिशोब मांडला. बैलबाजारात बैल बघतात तसं. फक्त दात बघायचे राहिले होते.

स्पर्धेचा नियम असा होता, की प्रत्येक संघात बाहेरगावचे खेळाडू दोनच घेता येतील, बाकीचे गावचे पाहिजेत. मंडळाने नागपूरच्या एका क्लबच्या दोन तरण्या पोरी आधीच बोलून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, मी तर गावचीच आहे. तर अध्यक्ष, ज्यांचं गावात किराणा दुकान, मान हलवून म्हणाले, ‘तुह्यं लग्न जामले झालं. पोरगी दिली की ती तिकडची. तुले घ्याचं म्हंजे बाहेरचीच्या जागेवर घ्या लागते, आन् त्यासाठी नागपूरची एक कमी करा लागते.’

मी सरांकडे बघितलं. वाटलं, हा माणूस माझ्या बापाला झापणारा, आता यांना झापेल. सर चष्मा पुसत म्हणाले, ‘हे पाह्य, राग मानू नको. तुह्या पकडीले तोड नव्हती. पण गुडघा, दोन बाळंतपणं, वय. एक जागा आहे अन् ती तुले देली, तर यंदा तू खेळशील. पुढच्या साली काय? नागपूरची पोरगी अजून पाच वर्सं कामात येईल. जुन्या नावावर जागा देता येत नाई.’

बोलणं वेडेपणाचं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मूर्ख माणूस मूर्खासारखं बोलला तर हसून सोडता येतं.

‘पण तुले आमी असं कसं सोडू?’ अध्यक्ष म्हणाले. ‘माजी खेळाडू म्हून तुहा सत्कार करू. स्टेजवर बशिवतो.’

माजी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी कप खाली ठेवला. म्हटलं, ‘सत्कार तुमचाच करून घ्या, अध्यक्ष. तुमी कधी खेळले नाई, तरी स्टेजवर बसताच. मी बाहेरची ना? बरं. सर, तुमी पण हेच म्हणता? जामची म्हून लिहू का नाव?’

सर म्हणाले, ‘लग्न झालं तिथली. रीत आहे ते.’

‘सगळ्यायनं ऐकलं ना?’ असं म्हणून मी उठले.

परतीच्या एस.टी.त मी रडले. खोटं कशाला बोलू? खिडकीकडे तोंड करून सेलूपासून वर्ध्यापर्यंत रडले. मग रडायचाच कंटाळा आला.

जामलाही बायकांचा एक संघ होता, पण त्याला संघ म्हणायला जीभ रेटत नसे. चौकातल्या ढाब्यांवर पोळ्या लाटणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, एक अंगणवाडीतली. ट्रक उभे राहतात त्या मैदानात, ऑइलचे डाग चुकवत, दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की खेळायच्या. कॅप्टन म्हणजे चहाची टपरी चालवणारी एक धिप्पाड बाई. तिने हिंगणघाटहून दोन पोरी आणल्या होत्या, म्हणजे बाहेरच्या दोन जागा भरल्या. तरी एक बाई कमीच पडत होती, कारण जी सातवी होती ती ‘सासू नाई म्हणते’ म्हणून गळाली होती.

मी टपरीवर गेले. म्हटलं, ‘मले घेता का?’

‘वय काय?’

‘पस्तीस.’

‘माह्यं सदतीस. गुडघा बांधला दिसते?’

‘कुरकुरते.’

‘माही तं कंबर बी कुरकुरते. पकडता येते का?’

ती चहाची गाळणी ठेवून टपरीच्या बाहेर आली आणि माझ्यावर चढाईच केली. चौकात, गिऱ्हाइकांसमोर. मी तिचा घोटा धरला, आणि ती बाई बाकासकट आडवी झाली. ट्रकवाले टाळ्या वाजवायला लागले. पडल्या पडल्याच ती ओरडली, ‘अगे माय! आता सोड! घेतली तुले, घेतली!’ मला हिशोब मांडण्याची ही पद्धत फार आवडली.

संक्रांत झाली आणि स्पर्धा लागली. आम्ही पहिले दोन सामने कसेबसे जिंकलो, आणि सेमी फायनलला समोर कोण? माझं माहेर. चुन्याच्या रेषेपलीकडे माझी भाची उभी, डोळे मोठे करून.

शिट्टी वाजण्याआधीच सर पंचांकडे आले. मला वाटलं, शुभेच्छा देतात की काय. तर सर म्हणाले, ‘ऑब्जेक्शन आहे. हे बाई आमच्या गावची पोरगी आहे. जामकडून बाहेरच्या दोघी आधीच आहेत, ही तिसरी झाली. संघ बाद करा.’

मी बघतच राहिले. स्टेजवरचे अध्यक्ष जोरजोरात मान हलवत होते. ‘अस्सल आमच्या मातीतली आहे ते,’ म्हणाले. महिन्याभरापूर्वी मी त्यांच्या मातीत बसत नव्हते!

पंच आर्वीकडचे, त्यांना आमचं काही माहीत नाही. त्यांनी मला विचारलं, ‘बाई, तुम्ही कुठल्या?’

मी मोठ्याने म्हटलं, दोरीच्या बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं, ‘लग्न झालं तिथली. रीत आहे ते. सरायनंच सांगितली, शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्या मंडळासमोर. इचारा त्यायले.’

बघायला आलेल्या बायका खो खो हसल्या. सर खोटं बोलणारे नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे. ‘हो, म्हणलो होतो,’ असं म्हणून ते आपल्या संघाकडे गेले. पंचांनी शिट्टी वाजवली.

बोलण्यात जिंकले, पण पहिल्या डावात माझी पार इज्जत गेली. सर बाहेरून ओरडत होते, ‘उजवा कोपरा! गुडघा पाह्य तिचा!’ आणि भाची दर वेळी सरळ माझ्यावरच यायची. मी झेप घ्यायचे, गुडघा एक क्षण उशीर करायचा, तेवढ्यात ती टाच लावून परत. बाद होऊन मी रेषेबाहेर बसायचे, आत यायचे, पुन्हा बाद. दोरीजवळून कोणीतरी ओरडलं, ‘बुढीले घरी पाठवा!’

मधल्या सुट्टीत कॅप्टनने पाणी दिलं. म्हणाली, ‘बदलू का तुले?’

‘बदलून तं पाह्य! तुह्या टपरीवर जिंदगीत पाय नाई ठेवणार.’

‘ठीक आहे बाप्पा. मंग झेप नको घेऊ. थांबून राय. ती येतेच तुह्याकडं, कायले धावते तिच्यामागं?’

तिचं बरोबर होतं. मी पंधरा वर्षांपूर्वीच्या पोरीसारखी खेळायला बघत होते. दुसऱ्या डावात मी झेप घेणं बंद केलं. जमिनीत पाय रोवून उभी राहिले, म्हातारी दिसते तर दिसू दे म्हटलं. नागपूरची एक पोरगी मला सोपी समजून जवळ आली आणि अडकली. मग दुसरीही अडकली. कॅप्टनने चढाईत दोन गुण आणले. शेवटाला आलो तेव्हा गुण बरोबरीत होते, आणि शेवटची चढाई त्यांची.

भाची आली. ‘कबड्डी, कबड्डी, कबड्डी...’ तिचा दम लांब, आवाज स्वच्छ. चढाई करणारीने हा घोष एका श्वासात चालू ठेवायचा असतो. मध्ये तुटला की ती बाद. सर ओरडले, ‘उजवा!’ ती वळली, पाय लांब केला, थेट माझ्या गुडघ्याकडे. पायाचा अंगठा गुडघ्याला लागला तेव्हाच मी खाली बसून तिचा घोटा धरला.

तिने मला फरफटत मध्यरेषेकडे नेलं. बाकीच्या धावून येईपर्यंत मी एकटीच होते. गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोडलं नाही. तिचा हात रेषेपासून वीतभर राहिला होता. आणि ती ओरडली, ‘आत्या! सोड ना व!’

घोष तुटला. पंचांची शिट्टी झाली. आम्ही जिंकलो.

फायनल आम्ही सपाटून हरलो. मी त्यात नव्हतेच, माझ्याच्याने उभं राहवत नव्हतं. सर माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाले, ‘मी म्हणलो होतो.’ मी म्हटलं, ‘तुमी म्हणले ते गुडघ्याचं. सामन्याचं काय म्हणले होते?’

पण गावभर वेगळीच बातमी फिरायला लागली. दोरीजवळच्या बायकांनी ती सुरू केली, आणि अध्यक्षांनी माइकवरून पक्की केली. भाचीने आत्याची लाज राखली म्हणे. आत्याचा गुडघा मोडताना दिसला, पोरीला कळवळा आला, म्हणून तिने मुद्दाम दम सोडला. केवढे संस्कार! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भावाच्या घरी ओसरीवर पाय पसरून बसले होते आणि लाउडस्पीकरवर हे ऐकत होते. गुडघा दुखत होता, पण ते काहीच नाही. मला दान मिळालं होतं? स्टेजवरची खुर्ची नाकारली, तर ती शेवटी मला भाचीच्या हातून दिली? कितीही उसनं अवसान आणलं तरी आत कुठेतरी मला ते खरं वाटत होतं. माझ्या हातात आता तेवढा जोर उरला नसेल.

भाची घरी आली. धुळीने भरलेली, नाक लाल. माझ्याकडे न बघता आत निघाली होती. मी तिला हाक मारली.

‘खरं सांग. माह्यासाठी दम सोडला तू?’

ती गर्रकन वळली. ‘तुह्यासाठी? डोकं फिरलं काय माह्यं? फायनलले गेलो असतो आमी!’ तिला रडू फुटलं. मग ती लंगडत माझ्याजवळ आली, ट्रॅक पँट वर ओढली आणि पाय माझ्या मांडीवर आदळला. ‘पाह्य! हे पाह्य!’

घोट्याभोवती माझी बोटं उमटली होती. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. लालबुंद, कडेला निळं पडत चाललेलं.

‘अशी धरते का कोणी? दुखलं म्हून ओरडली मी! कळवळा म्हणे! आता जातो अन् सांगतो त्या अध्यक्षाले.’

‘जा,’ मी म्हटलं. ‘माइकवरून सांग.’

ती लंगडत गेली, आणि खरंच सांगितलं.