माझ्या भावाची ड्रॅगनची बाग

माझ्या धाकट्या भावानं रेणापूरजवळच्या आमच्या माळावर ड्रॅगन फ्रूट लावायचं ठरवलं, तेव्हा घरात त्याच्या बाजूनं मी एकटीच होते. मी लग्न होऊन लातूरला आलेली, शाळेत शिकवते. रविवारी मात्र गावाकडं चक्कर असायचीच. तो माळ म्हणजे नुसता मुरूम. तिथं तूरसुद्धा गुडघ्याच्या वर जायची नाही. शेतीचा डिप्लोमा करून भाऊ नोकरीसाठी बरंच हिंडला होता. मग एक दिवस मोटारसायकलला काटेरी कांड्यांचं पोतं बांधून घरी आला.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पोत्यात डोकावून पाहिलं. "आरं, निवडुंग इकत आणलास? बांधावर फुकट हाय की!"

भाऊ हसला. "अण्णा, ह्याला फळ येतंय. हैदराबादला लई मागणी हाय."

सिमेंटचे खांब उभे राहिले. खांबांच्या टोकाला गोल कडी, बुडाशी चहूबाजूंनी रोपं. पहिल्याच उन्हाळ्यात ती पिवळी पडायला लागली. सावलीची जाळी येईपर्यंत धीर धरवेना, म्हणून आईनं आपल्या जुन्या साड्या काढून दिल्या आणि मायलेकांनी मिळून त्या खांबाखांबांवर ताणल्या. लाल, हिरव्या, मोरपंखी. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "लगीन हाय का कुणाचं?" आई म्हणायची, "रोपांचं करायलोय!"

रोपं जगली. खांबावरून वर चढली, कडीतून खाली लोंबू लागली, आणि पुढच्या एका पावसाळ्यात फुलं आली. ताटाएवढी, पांढरीशुभ्र. संध्याकाळी उमलायची अन् सकाळी उन्हं चढायच्या आत मिटायची. महिनाभरात गुलाबी फळं धरली. भावानं पहिलं फळ अण्णांसमोर कापलं. आतून लालभडक. अण्णांनी फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाले, "गोड हाय का न्हाई, तेच कळंना." पण दुसरी फोड त्यांनी स्वतःच उचलली.

दोन हंगामांत बाग नावारूपाला आली. हैदराबादचा व्यापारी टेम्पो घेऊन बांधावर यायला लागला. पेपरात भावाचा फोटो आला. घरावर नवा मजला चढला. ज्यांनी निवडुंगवाला म्हणून चिडवलं होतं, तेच कांड्या मागायला येऊ लागले, आणि भाऊ कुणालाही नाही म्हणायचा नाही.

फक्त त्याचं लग्न जमत नव्हतं.

पाहुणे यायचे, बाग बघायचे, तोंडभर कौतुक करायचे. निघताना पायात चप्पल सरकवत विचारायचे, "पण नोकरी कुठं हाय पोराला?" अण्णा मान खाली घालायचे. भाऊ म्हणायचा, "असू दे, अण्णा." असं किती वेळा झालं, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

मग कंधारकडचं एक स्थळ आलं. भाऊ मुलीला बघून आला होता, पसंतीही कळवली होती. मुलीचे वडील आणि मामा घर बघायला आले, तर त्यांच्याबरोबर ती स्वतःच आली. असं आमच्याकडं सहसा होत नाही. आई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. चहा झाल्यावर मुलगी म्हणाली, "मला बाग बघायचीय."

मी तिच्याबरोबर गेले. भाऊ आधी लाजून पुढं पुढं चालत होता. तिनं विचारलं, "फळ तोडायचं कधी, हे कसं कळतं?" आणि त्याची जीभ सुटली. फळाचा रंग कसा बदलतो, फांदी कुठं छाटायची, मुंग्या कुठं लागतात, सगळं तिला सांगत सुटला. तिनं एक फळ हातानंच सोलून तिथंच खाल्लं. ओठ लाल झाले, बोटं लाल झाली. ती हसायला लागली, भाऊही हसला. त्याला तसं हसताना मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

परतताना माझा फोन नंबर घेऊन ती हळूच मला म्हणाली, "ताई, मला इथं आवडंल."

चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला. मुलीच्या मामांनी पुण्यातलं स्थळ आणलंय, मुलगा कंपनीत आहे. त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत मला तिचा फोन आला. "ताई, म्या लई सांगून बघितलं. बाबा म्हणतेत, एका गारपिटीत सगळं जातंय, पगार तरी जात न्हाई. तुमच्या भावाला सांगा, माझ्या मनात..." मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी भावाला सांगितलं. तो ठिबकची नळी साफ करत होता. नळी धुऊन झाली, तरी धूतच राहिला.

तिचं लग्न झालं. त्यानंतर भाऊ बागेत जायचा तो कामापुरताच. हंगाम संपला तेव्हा त्यानं बाग शेजाऱ्याला बटईनं, निम्म्या वाट्यावर, दिली आणि चाकणला एका कंपनीत कामाला लागला. मी भांडले. म्हटलं, "अरे, तिथं मिळतं त्याच्या कितीतरी पट ही बाग देते!"

"हाव, देते," तो म्हणाला. "पण बागंत गेलो की ती हुभी दिसतीय गं, ताई."

लातूरला त्याला गाडीत बसवायला मी आणि अण्णा गेलो होतो. गाडी सुटताना अण्णांनी खिडकीवर हात ठेवला आणि गाडीबरोबर थोडं चालले, मग थांबले.

बाग अजून आहे. शेजारी तिला जीव लावतो, फळं येतात, टेम्पो येतो. आता भावाला स्थळं मागं लागून येतात. पाहुणे ओसरीवर बसतात, आई फोडी कापून पुढं ठेवते, ते खातात आणि विचारतात, "पोरगा कंपनीत हाय म्हणं?" बागेबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही.

मागच्या रविवारी असेच कुणी येऊन गेले. मी भावाला फोन लावला, मुलगी चांगली आहे म्हटलं. पलीकडं यंत्रांचा आवाज येत होता.

"न्हाई म्हणून सांग, ताई," तो म्हणाला. मग विचारलं, "आई जेवली का?"

आई समोरच बसून ऐकत होती. तिनं नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "जेवली."