दाजींची दारं

देवाला इतके प्रश्न विचारणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि उत्तर येईपर्यंत साऱ्या घराला इतकं ताटकळत ठेवणाराही. हे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळेच शरणपूर रोडच्या बाजूला वाढलेले ख्रिस्ती. प्रार्थना आमच्या अंगवळणी पडलेली. पण आम्ही आपले लग्न, नोकरी, आजारपण असल्या ठळक विषयांपुरती देवाला तसदी देणारे. दाजींना ते पटत नसे. "मोठ्या गोष्टी त्याच्याकडे आणि लहान तुझ्याकडे, अशी वाटणी कधी झाली रे?" असं ते मलाच विचारत. त्यामुळे निळा शर्ट घालावा की पांढरा, सातपूरच्या कारखान्यात स्कूटरनं जावं की बसनं, सगळं आधी वर जाई. बरं, उत्तराची वाट तरी शांतपणे बघावी! तेही नाही. अंगणात येरझाऱ्या, हातातल्या किल्ल्यांचा खुळखुळाट, मधूनच थांबून पत्र्यावरच्या कावळ्याकडे रोखून बघणं. त्यांच्याकडे बघता बघता आपल्यालाच धाप लागे.

गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो, आणि पुन्हा जाणार नाही असं तिथल्या तिथे ठरवलं. दोडका आणि दुधी समोरासमोर मांडून मखमलाबादकडची एक भाजीवाली बसली होती. तिच्यापुढे पिशवी छातीशी धरून दाजींनी डोळे मिटले. भर गर्दीत. मागून धक्के बसतायत, आणि हे उभे. ती बिचारी घाबरली. "ओ बाबा, चक्कर आली का काय? खाली बसा, लय ऊन हाय."

"एक मिनिट हं, ताई. विचारतोय," दाजी डोळे न उघडता म्हणाले.

"कोणाला इचारता? मी हाय ना हितं! दोडका आज सकाळी तोडलाय, दुधी कालचा हाय. घ्या दोडका."

दाजींनी दोडका घेतला. घरी येईपर्यंत ते खुशीत होते. उत्तर किती स्पष्ट मिळालं, म्हणाले.

पण त्यांचा खरा घोळ होता तो दाराचा. आमच्या लोकांत नोकरी लागली की "प्रभूनं दार उघडलं" म्हणतात, सोयरीक फिसकटली की "दार बंद केलं". आपण म्हणतो आणि सोडून देतो. दाजी ते अक्षरशः धरायचे. माझ्या ताईला फ्रिज हवा होता. पुष्कळ विचारणा होऊन एकदाचा होकार आला, आणि दोघं मेन रोडला गेले, तर दुकानाचं शटर खाली. दाजी तिथूनच मागे फिरले. "अहो, आज त्यांची सुट्टी आहे!" ताई रस्त्यात ओरडली. "सुट्टी कोणी दिली त्यांना?" दाजी म्हणाले. पुढे कित्येक उन्हाळे ताईनं दूध पाण्याच्या परातीत ठेवून सांभाळलं, आणि दूध नासलं की ती जे बोलायची ते काही प्रार्थनेत बसणारं नव्हतं.

माझ्यासाठी मुलगी बघायला मनमाडला निघालो तेव्हाही हेच. सीबीएस स्टँडवर एसटी लागली, आणि तिचं दारच उघडेना. दाजींनी लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल घरी. यात त्याची इच्छा दिसत नाही." कंडक्टर मागून म्हणाला, "ओ साहेब, कडी वाकडी हाय तिची. लाथ घाला!" मी घातली. ती मुलगी आज माझी बायको आहे. आमचं भांडण झाल्याचं कानावर गेलं की दाजी हळूच म्हणतात, "लाथ घालून उघडलेलं दार आहे ते. सांभाळून राहा."

असे आमचे दाजी. एकुलती एक मुलगी, सुवार्ता. नर्सिंग पूर्ण करून ती इथल्याच एका दवाखान्यात लागली होती. एके दिवशी मस्कतच्या इस्पितळातून तिला नेमणुकीचं पत्र आलं. लहानपणापासून हेच एक तिच्या मनात होतं. तिनं पत्र बापाच्या हातात दिलं आणि विचारलं, "पप्पा, जाऊ?" दाजी म्हणाले, "प्रार्थनेत ठेवतो."

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. एकामागून एक दारं उघडत गेली. पासपोर्ट विनातक्रार हातात पडला. चौकशीला आलेल्या पोलिसानं चहासुद्धा नको म्हटलं. उरला होता तिकडे माणसं पाठवणारा मुंबईचा एजंट. त्याला भेटायला दाजी मला घेऊन गेले, आणि वाटेत मला कळलं की तो लबाड निघावा अशी यांची मनापासून आशा आहे. तो निघाला सरळ माणूस. मस्कतहून सुट्टीवर आलेली एक नर्स तिथे बसली होती. दाजींनी तिला शेवटचा प्रश्न टाकला, "तिकडे उपासना वगैरे काही नसेल, नाही का?"

"असते ना, काका. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. आपले मराठी लोकही येतात, सगळे मिळून जेवतो."

दाजींचा चेहरा उतरला.

इस्पितळाला आठवडाभरात कळवायचं होतं. नाहीतर जागा जाणार. घरात कोणाचं कशात लक्ष नव्हतं. सुवार्ता धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला काढी. ताई दोन वेळा मीठ घाली, नाहीतर घालतच नसे. दाजी अंगणात फेऱ्या घालत. "अहो, सांगा की काहीतरी पोरीला!" ताई म्हणे. "उत्तर आलं नाही अजून," एवढंच ते म्हणत.

शेवटी माझा तोल गेला. अंगणात त्यांची वाट अडवून मी म्हणालो, "दाजी, सगळी दारं सताड उघडी आहेत. आणखी काय हवंय तुम्हाला?"

दाजी पायरीवर मटकन बसले. उत्तराची वाट बघताना ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"उत्तर आलंय रे," ते म्हणाले. "तिनं पत्र हातात दिलं ना, तेव्हाच आलं. मला नकोय ते. म्हणून परत परत विचारतोय. म्हटलं, कंटाळून दुसरं देईल."

जन्मभर ज्यांची थट्टा केली, त्यांच्याइतकं खरं मला देवाशी कधी वागता आलं नव्हतं. थोड्या वेळानं ते उठून आत गेले. सुवार्ता युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

"जा, बाई," दाजी म्हणाले. "तो हो म्हणालाय."

"आणि तुम्ही, पप्पा?"

दाजींनी भिंतीला हात टेकला. "मी येतोय त्याच्या मागून. मला जरा वेळ लागेल."

सुवार्ता गेली. तिथे तिचं छान चाललंय, दर आठवड्याला फोन येतो. ती गेल्यापासून दाजी दोडका-दुधी फारसं विचारत नाहीत. ताईच परस्पर ठरवते. फेऱ्या मात्र सुटल्या नाहीत. मागे एकदा संध्याकाळी गेलो, तर अंगणात तेच चाललेलं.

"आता कसली वाट बघताय, दाजी?" मी म्हणालो. "शेवटी ऐकलंत ना त्याचं?"

"ऐकलं," ते म्हणाले. "पण त्याचं ऐकलं की करमायला लागतं, असं तो कुठे म्हणाला होता?"

मी पायरीशी काढलेल्या चपला पुन्हा घातल्या आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालून आलो.