उजव्या हाताची झीज

हात हाच माणसाचा खरा चेहरा असतो. हे वाक्य मी अमरावतीच्या एका सभागृहात, झेंडूनं मढवलेल्या व्यासपीठासमोर बसून ऐकलं. बोलणारे एका सेवाभावी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि ज्या हाताविषयी ते बोलत होते तो त्यांच्यासमोर लाल मखमलीच्या उशीवर ठेवलेला होता. तो मी बनवला होता. दहाच मिनिटांनी कळलं की तो कुणाचाच चेहरा नव्हता.

त्या काळात मी अकोल्याच्या एमआयडीसीत एका लहानशा शेडमध्ये कामाला होतो. कापसाच्या जिनिंगच्या जुन्या यंत्रांचे, पंपांचे मोडके भाग आमच्याकडे यायचे. मूळ ड्रॉइंगं कुणाकडेच नसायची. भाग टेबलावर ठेवून मी त्याच्याभोवती स्कॅनर फिरवायचो, की पडद्यावर लाखो बारीक त्रिकोणांची जाळी उमटायची. कुठे भोकं, कुठे काटे, कुठे हवेत तरंगणारे तुकडे. अशी जाळी दिसते हुबेहूब, पण फोटोतल्या सदऱ्याची बाही जशी लांब करता येत नाही, तसा तिच्यात बदल करता येत नाही. म्हणून तिच्यावर बेतून नवा, स्वच्छ पृष्ठभाग तुकड्या-तुकड्यांनी शिवायचा. मग तो ओढता येतो, वाढवता येतो, त्यावरून साचा काढता येतो. कौशल्य एवढंच, की आकार कोणता आणि झीज कोणती हे ओळखायचं. आकार ठेवायचा, झीज पुसायची. मी त्यात तरबेज समजला जायचो.

ती वर्षं वऱ्हाडात पाहुण्यांची होती. शेतीची दैना पाहायला दूरदूरहून गाड्या यायच्या, गाड्यांमागे मदतीचे कार्यक्रम यायचे आणि कार्यक्रमांमागे मंडपवाले. कपाशीनं दगा दिला म्हणून लोक सोयाबीनकडे वळले, आणि सोयाबीनबरोबर गावोगाव मळणी यंत्रं आली. तशाच एका यंत्रानं अकोटकडच्या एका शेतमजूर बाईचा उजवा हात मनगटापासून नेला. मंडळानं तिला हात द्यायचं ठरवलं. तिचा डावा हात स्कॅन करून त्याचा उजवा करायचं काम आमच्याकडे आलं.

ती पंचेचाळिशीची होती. खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "भाऊ, पोरीचं लगन हाय. ह्या हातात बांगड्या भरल्या त घसरून पडतात, अडाले काईच नाई. त्या पडू नये, एवढं पाहा."

तिच्या जावेनं घरात सांगून टाकलं होतं, की नवरीला पहिली हळद दोन्ही हात भरलेली बाईच लावेल. आईला ती लावता येणार की नाही, हे त्या बांगड्यांवर अडलं होतं.

"सगळं होईल, ताई," मी म्हणालो. मला बांगड्यांपेक्षा हातात रस होता.

स्कॅन करताना तिचा हात थरथरत होता. पडद्यावर कातडी दुहेरी आली; हाताच्या आत आणखी एक हात. यंत्राच्या भागांचं असं कधी होत नाही, त्यांना नाडी नसते. मी आतला हात निवडून पुसला, उरलेल्या डाव्याचा आरशातल्यासारखा उलटवून उजवा केला. मनगटाशी संपलेला तो हात काळ्या पडद्यावर सावकाश फिरू लागला. ती माझ्या मागे उभी राहून पाहत होती. तळव्यातलं भोक बुजवायला मी तिथं क्लिक केलं.

"हयू," ती म्हणाली. "तिथं दाबू नका."

"कुठं?"

"जिथं दाबून राह्यले तिथंच. नसला म्हनून काय झालं, दुखते तो."

तुटलेला अवयव जाणवत राहतो, हे मी वाचलेलं होतं. तरी मी तिला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. मग पॉइंटर गुपचूप करंगळीवर नेला आणि दाबला. बाहेर एक ट्रक मागे येत होता.

"करंगयी सोडा ना, भाऊ," ती ट्रककडे पाहत म्हणाली.

नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता पाचात एक, असा हिशेब मी लगेच केला. मग खुर्ची थोडी मागे घेतली.

पुढचे तीन दिवस मी तो हात साफ केला. खाचा, घट्टे, भेगा, वाकडं नख, सगळी झीज गेली. पृष्ठभाग असा बसला की मालकानं दुसऱ्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला. नागपूरला सिलिकॉनमध्ये ओतून, तिच्या रंगाशी रंग जुळवून, तो अमरावतीच्या मखमलीवर पोचला.

चेहऱ्याचं वाक्य टाळ्यांत विरल्यावर अध्यक्षांनी शाल, नारळ आणि हात, या क्रमानं तिच्या स्वाधीन केले. तिनं डाव्या हातानं तो उचलला, उलटा-सुलटा केला आणि परत उशीवर ठेवला. माइक चालू होता.

"हा कोनाचा हाय?"

"तुमचाच आहे, ताई," अध्यक्ष हसून म्हणाले.

"माहा नाई. ह्या हातानं कधी वावरात पऱ्हाटी उपटली नाई." मग अगदी हळू, पण माइकला हळू कळत नाही, "मेलेल्या बाईचा त नाई ना?"

टाळ्यांसाठी वर आलेले हात तिथंच थांबले. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढून घेतला.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. हात तिच्या मांडीवर कापडी पिशवीत होता आणि पिशवी आखूड होती. मूर्तिजापूर यायच्या आत समोरच्या बाईंनी बाहेर आलेली बोटं पाहिली आणि त्या उठून ड्रायव्हरमागे जाऊन बसल्या.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "गावात हेच होईन. म्हनतीन, इचा हात मसनातून आनला. मंग हयद त रायलीच, पोरीच्या आंगालेही हात नाई लावू देनार मले."

लग्न बारा दिवसांवर होतं.

दुसऱ्या दिवशी तिला शेडमध्ये बसवून मी मूळ जाळी उघडली. पुसलेलं सगळं त्या जाळीत शाबूत होतं. तर्जनीवरच्या विळ्याच्या तीन खुणा दाखवून मी मोठ्या खात्रीनं म्हणालो, "ह्या जशाच्या तशा परत घालतो."

ती पहिल्यांदा हसली. "भाऊ, इया कोन्या हातात धरतेत?"

"उजव्या."

"मंग कापते कोनता?"

मी डाव्या हाताच्या जखमा उजव्यावर शिवायला निघालो होतो. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदविका होती.

"मग उजव्यावर काय होतं, ताई?"

तिनं डोळे मिटले. डाव्या हाताचं बोट उचललं, मनगट संपतं त्याच्या पुढे नेलं आणि हवेत एका जागी टेकवलं. टेकवलंच म्हणायला हवं. खाली काहीतरी लागल्यासारखं ते तिथं थांबलं. "इथं घट्टा, खुरप्याचा." बोट पुढे सरकलं. "इथं तव्याचा चटका. आन् आंगठ्याचं नख इथून फाटेल होतं."

मी पट्टी आणून अंतरं मोजली. इकडचं-तिकडचं बोलून पुन्हा विचारलं. चहा पाजून तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा बोट हवेत त्याच जागी टेकलं. आणि माझ्या मॉडेलवरच्या जागेपेक्षा प्रत्येक खूण किंचित पुढे पडत होती.

"तुमचा हात बारका हाय," ती डोळे न उघडता म्हणाली. "माहा जेवना हात मोठा होता." जेवना म्हणजे जेवायचा, उजवा.

मग मी पृष्ठभाग ओढला. बोटं लांबवली, तळवा रुंद केला, घट्टा उचलला, नख चिरलं. त्या शेडमध्ये झीज घडवण्याचं काम मी पहिल्यांदाच करत होतो. ती शेजारी बसून मनगटाच्या पुढची हवा अधूनमधून चाचपत होती. तिच्या त्या बाजूनं मी शक्यतो गेलो नाही.

नवा हात लग्नाच्या दोन दिवस आधी तयार झाला, आणि बांगड्या भरायच्या दिवशी मी तो घेऊन गावी गेलो. मसणातल्या हाताची बातमी माझ्या आधी पोचली होती. अंगणात बायका दाटून बसल्या होत्या, सगळ्यांत पुढे तिची जाऊ, आणि मधोमध मनियार चाचा बांगड्यांच्या पेट्या मांडून. तिच्या लग्नापासून तिचे हात त्यांनीच भरले होते. आता त्यांची नजर गेली होती. हात ते हातानंच ओळखत.

डावा हात दाबत, अंगठ्याचा उंचवटा आत ढकलत, त्यांनी डझनभर हिरव्या बांगड्या चढवल्या. मग उजवा हातात घेतला. बायका माना उंच करून पुढे सरकल्या. चाचांनी घट्ट्यावरून अंगठा फिरवला, चटका शोधला, नखाची चीर चाचपली. बराच वेळ लावला.

"हाच हाय," ते म्हणाले. "डाव्याले दोन-चारची बांगडी, जेवन्याले दोन-सहाची. तीस साल से येईच नाप है."

जाऊबाईंनी पदर सारखा केला आणि हळदीची वाटी तिच्या बाजूला सरकवली. बहुतेकांचा उजवा हात मोठाच असतो, असं मी मनात म्हटलं. तरी मी माझे दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून पाहिले.

मग बांगडी बोटांच्या पेरांशी अडली. चाचांनी हात दाबला, पिळला, पुन्हा दाबला.

"ये दबता नई, बेटी," ते म्हणाले. "काढ."

तिनं हात काढून माझ्या मांडीवर ठेवला. चाचांनी बांगड्या उघड्या मनगटावरून एका दमात वर सरकवल्या. मी हात परत दिला, तिनं तो बसवला. बांगड्या खाली घसरल्या, हाताला अडल्या आणि थांबल्या. पहिल्याच दिवशी तिनं एवढंच मागितलं होतं. रबराच्या बुचानंही ते झालं असतं.

पहिली हळद तिनंच लावली, डाव्या हातानं. सिलिकॉनवरचा हळदीचा डाग निघत नाही.