धर बे!

माझ्या थोरल्या भावाच्या साडूंइतका फाटक्या तोंडाचा आणि सरळ मनाचा माणूस चांदा-गडचिरोलीच्या जंगलात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. त्या एकट्यानेच आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीला जीव नकोसा केला होता. ते हापशी दुरुस्त करणारे मिस्त्री, मी तिथलाच कारकून. काम एकट्याचं नव्हतं, पण मदतनिसाची जागा कायम रिकामी. म्हणून समोर दिसेल त्याला हुकूम सुटायचा, "धर बे!" सरपंचांनी पाइप धरले, फौजदारांनी धरले. राजुऱ्याकडे एकदा वाजतगाजत निघालेल्या नवरदेवाला त्यांनी घोड्यावरून उतरवलं. "लगीन कुठी पळून राह्यलं का? धर बे!" नवरदेवाने मुंडावळ्या मागे सारून दांडा धरला आणि अख्खं वऱ्हाड त्याच हापशीवर पाणी प्यालं. मला तर ते सणावारीही सोडत नसत. मी चरफडत का होईना, धरायचो.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या देशांचे पाहुणे आमची पाण्याची योजना बघायला येणार होते. आपली बघून ते आपापल्या देशात तशीच करणार. सडकेवरची दाखवायची हापशी नेमकी बंद, चेन तुटलेली. मिस्त्री रजेवर. साहेबांनी काय करावं? मुलचेऱ्याकडच्या निर्वासित बंगाल्यांच्या गावातली चालू हापशी उघडून तिची चेन इथे आणून बसवली! आठ दिवस त्या गावच्या बाया नाल्यात झिरे उकरून पाणी भरत होत्या आणि आम्ही सडकेच्या दगडांना चुना मारत होतो. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पाहुणे आले, हार झाले, साहेब शेजारधर्मावर बोलायला उभे राहिले. तोच मिस्त्री सायकलवरून हजर! मागे कॅरिअरवर त्या गावची एक म्हातारी, मांडीवर रिकामी कळशी.

"शेजारच्या गावाले तहानलेलं ठेवून शेजारच्या देशाले पाणी दाखवून राह्यले का जी? लाज नाई वाटत?"

त्यांनी हापशीचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे न बघताच हात मागे केला. "धर बे!"

मी साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. माझा हात जागचा हलला नाही. नोकरीला भ्यालो, थू माझ्या जिण्यावर!

म्हातारी तिच्या बोलीत काहीतरी बोलली. ते आमच्यापैकी कुणाला कळलं नाही, पण बांगलादेशच्या इंजिनिअरला सगळं कळलं. त्याने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, पुढे झाला आणि दांडा धरला. दुपारपर्यंत चेन आपल्या गावी परत गेली, म्हातारीची कळशी भरली. आठवड्याने मिस्त्रींची पार जंगलाच्या टोकाला, सिरोंच्याला बदली झाली. तो कागद मीच टाइप केला.

एस.टी. स्टँडवर त्यांची ट्रंक उचलायला मी वाकलो. वाटलं, आता खेकसतील, "नीट धर बे!" पण चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही.

"राहू द्या बाबू," ते म्हणाले, "तुम्हाले काऊन तरास?"

आणि एकट्यानेच ट्रंक टपावर चढवली. ओरडा ना हो, एकदा तरी ओरडा, असं मी मनात म्हणत राहिलो, आणि गाडी आष्टीच्या वळणाला दिसेनाशी झाली.