सेनसरांच्या टेबलावरची हृदयं

आमच्या लॅबमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. पेशंट अर्धवट जागा आणि डॉक्टर कोलकात्याचे, मग बोलण्याला काय तोटा!

नवऱ्याची बँकेतून इथे कोलकात्याला बदली झाली आणि मी एका हॉस्पिटलात मॅपिंगच्या कॉम्प्युटरवर बसू लागले. मांडीतून सरकवलेली तार हृदयाला आतून टेकत जाते आणि माझ्या स्क्रीनवर तिथल्या विजेचा रंगीत नकाशा उभा राहतो. ठोक्यांचा गोंधळ जिथून सुरू होतो, तिथे आमचे डॉक्टर सेन, म्हणजे सेनसर, चटका देतात. सासूबाई मात्र सगळ्यांना सांगतात, सून नकाशे काढते. त्यामुळे सुट्टीत गावी गेले की लोक मला जमिनीची मोजणी विचारतात.

*

नकाशात दुबळा भाग लाल-पिवळा दिसतो. सेनसरांच्या विरोधी फुटबॉल क्लबचा रंगही नेमका तोच. दर केसला ते म्हणतात, "बघा, रोग कुठून येतो!"

एकदा टेबलावरूनच आवाज आला, "डॉक्टर, मी त्याच क्लबचा. जाळताना जरा विचार करा."

*

पेशंट हलला की नकाशा सरकतो. बेहालाच्या एका काकांना हे दोनदा बजावलं होतं. मग सेनसरांनीच सहज विचारलं, काल काय जेवलात? काकांनी इलिश मासा केवढा होता ते दोन्ही हात पसरून दाखवलं. झालं, सगळा नकाशा पहिल्यापासून!

मी वैतागले. सेनसर शांतपणे म्हणाले, "एवढा मोठा? कुठल्या बाजारात?"

*

बागबाजारच्या मंदिरादी, म्हणजे मंदिराताई, मोहल्ल्यातल्या दुर्गापूजेत वर्षानुवर्षं शंख फुंकायच्या. ठोके बिघडले, दम पुरेना, शंख सुनेकडे गेला. येत्या पूजेत तो परत हातात यावा, एवढ्यासाठीच त्या टेबलावर चढल्या होत्या.

नकाशा झाला, चटके झाले. खात्रीसाठी सेनसरांनी औषध देऊन ठोके मुद्दाम चिथावले. गोंधळ परतला नाही, तरी त्यांची शंका जाईना. मंदिरादी पडल्यापडल्या म्हणाल्या की औषधाने काय होतंय, आपली धडधड सून शंख फुंकते तेव्हा सुरू होते.

सून बाहेरच बसली होती. तिच्या मोबाइलवर तिच्या शंखाचं रेकॉर्डिंग होतं. सेनसरांनी ते खरंच माइकवरून लावलं. शंख वाजला आणि मध्येच फुसकन विरला. ठोके वाढू लागले, आम्ही स्क्रीन बघत होतो. वाढले खरे, पण एकामागून एक, अगदी शिस्तीत.

"मंदिरादी, तुम्ही पास," सेनसर म्हणाले.

"ते असू दे," त्या म्हणाल्या. "ती नापास झाली, तेवढं लेखी द्या."